साराचं कद्दिश

सुरत, गुरुवार, नोव्हेंबर १९९५

माझ्या साराला जाऊन आज वर्ष झालं. बायकोच्या नावाने कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर दहा ज्यू पुरुष लागतात, आणि कतारगामात ज्यू म्हणजे मी एकटा. आमचे सगळे इस्राएलला गेले. मी मराठी कादंबऱ्या लिहीत इथेच राहिलो. आता पोलंडच्या ज्यूंच्या यिद्दिश कथा मराठीत आणतोय. कुणासाठी? ऐकते ती फक्त शेजारची सिंधूबाई, भाकरी थापता थापता.

काल तिला दहाव्या माणसासाठी गावभर हिंडणाऱ्या म्हाताऱ्याची कथा वाचून दाखवली.

"मग भेटला का काका, दहावा?"

"नाही," म्हटलं. आणि बोलता बोलता साराचंही सांगून बसलो. कशाला सांगितलं?

आज संध्याकाळी दारात तिचा नवरा भिका उभा, मागे त्याच्या कापडाच्या लूमवरची माणसं. कथेतल्यासारखी सगळ्यांनी डोकी झाकलेली, रुमालांनी. भिका म्हणाला, "आम्ही नऊ, तुम्ही दहावे. करा सुरू."

आमच्या धर्मात ही माणसं मोजत नाहीत. पण ते रुमाल बघून तसं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं कद्दिश. मी थांबलो की सगळे "आमेन" म्हणायचे, अगदी मनापासून. भिकाचा रुमाल सारखा घसरत होता आणि तो परत परत सावरत होता.

सारा, नियमाने बघितलं तर खोलीत मी एकटाच होतो. मग ते गेल्यावर घर एवढं रिकामं कसं झालं?