फेटरीच्या पुढचे पंधरा किलोमीटर

गोळीबार चौक, नागपूर
८ जानेवारी १९८५

प्रिय नत्थूस,

हे पत्र तू स्वतः वाच. चौथीपर्यंत शिकलास तेवढं वाचन पुरेसं आहे. वेळ लागला तर लागू दे, पण चंद्रकलावहिनींना मोठ्यानं वाचायला सांगू नकोस. तुपाचा डबा पोचला. अकरा वर्षं झाली, संक्रांतीच्या आधी कुहीच्या एस.टी.नं तुझा डबा येतो, आणि आमच्या घरच्या गुळाच्या पोळ्या तुझ्याच तुपात भिजतात. पोरी विचारतात, हे नत्थूकाका आपले कोण? मी म्हणतो, शर्यतीतले. मिलचं म्हणशील तर आठवड्यातून चारच दिवस चालू आहे. उरलेले दिवस मी घरी बसतो, आणि बसलेल्या माणसाला जुनं फार आठवतं.

गेल्या रविवारच्या पेपरातला लेख तू पाहिला असशील. आपल्या वैदर्भी सायकल फेरीबद्दल कुणीतरी पानभर लिहिलंय. म्हणे, मिलच्या संघानं त्या शर्यतीचा जीव घेतला. दरवर्षी तेच आठ पिवळे सदरे पुढे आणि बाकी सगळे त्यांची धूळ खात मागे. पाच दिवस, पाच टप्पे, आणि निकाल पहिल्याच सकाळी ठाऊक. पाहण्यासारखं एकच वर्ष झालं, त्र्याहत्तर साल, कुहीच्या दूधवाल्याचं. तो कागद मी कापून ठेवला आहे. माझंही नाव आहे त्यात, तू सांगितलेलं.

लेखात लिहिलंय ते खरं आहे. मिलच्या मालकांनी आम्हाला बाहेरदेशाच्या गिअरच्या सायकली आणून दिल्या होत्या. बाकीचे पोरं काळ्या सायकलींचे मडगार्ड काढून यायचे. आमचे दोघं पुढे राहून एकसारखा वेग धरायचे, इतका की मागच्यांना ना पुढे जाता येई, ना दम खाता येई. कुणी पळालाच तर आमच्यातला एक त्याच्या चाकामागे जाऊन बसे. वारा त्यानं कापायचा, आम्ही फुकट जायचं, तो थकला की सोडून द्यायचं. शेवटच्या दहा किलोमीटरला आमच्या कप्तानाला, केशवला, मोकळं सोडायचं, की झालं. सहा वर्षं असंच जिंकलो. बहात्तर साली सेलूच्या चौकात लोक आमच्याकडे पाठ करून चहा पिऊन राहिले होते. यवतमाळला शाळेतली पोरं रांगेत उभी केली होती, मास्तर हात वर करी तेव्हा टाळ्या वाजत. खरं सांगू, आम्हाला मात्र कधी कंटाळा आला नाही. आठ सायकलींच्या साखळ्यांचा एकच आवाज व्हायचा, आणि समोरचा माणूस हळूहळू ढिला पडताना पाहण्यात एक सुख होतं. कोष्ट्याच्या घरचा मी, माग सोडून मिलमध्ये लागलेलो. तोवर माझ्यापुढे ढिलं पडलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर, फेरीला महिना उरला असताना, शर्यतीची कमिटी आमच्या मॅनेजरकडे आली. दादाजी तुला आठवतात, जीपमध्ये पुढे बसायचे, गळ्यात घड्याळ. कमिटीवाले म्हणाले, लोक येत नाहीत, असंच राहिलं तर पुढच्या वर्षीपासून फेरी बंद. दादाजींनी आम्हाला मिलच्या कँटीनमध्ये बोलावलं आणि चहा पाजला. मग म्हणाले, “लोकाईले गंमत पाह्यजे. देऊ आपन.” गंमत अशी, की बाहेरचा एक माणूस निवडायचा. त्याला पहिले तीन दिवस पुढे जाऊ द्यायचं. चौथ्या दिवशी नुसतं सोबत राहायचं. पाचव्या दिवशी नागपूरच्या दारात त्याला खाली आणायचा. माणूस गरीब पाहिजे, एकटा पाहिजे, आणि पायात थोडा दम पाहिजे, नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही. आम्ही हसलो. मीही हसलो. आणि तुझं नाव मी सांगितलं.

रोज सकाळी पहिल्या पाळीला जाताना उमरेड रोडच्या नाक्यावर मी तुला पाहायचो. हँडलला दोन, मागे दोन असे दुधाचे चार कॅन लावून तू कुहीहून यायचास आणि तुझा श्वास फुललेला नसायचा. मग एक दिवस मी तुझ्यासाठी थांबलो. तुला वाटलं, ओळख अशीच झाली. माझी जुनी तीन गिअरची सायकल मी तुला दिली, फॉर्म भरून दिला, दोन रविवार कुहीला येऊन तुला गिअर टाकायला शिकवलं. तुझ्या आईनं, तुळसाबाईंनी, मला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली आणि म्हणाल्या, “पोरगं भोळं हाय. सांभाळजो गा त्याले.” मी हो म्हटलं आणि आणखी एक भाकर मागितली.

पहिल्या दिवशी बुटीबोरीच्या पुढे तू पळालास. तुझ्यामागे मला पाठवलं होतं, लोकांना खरं वाटावं म्हणून. दोन किलोमीटर राहिलो आणि सुटल्यासारखं करून मागे आलो. वर्ध्याला तू दीड मिनिट आधी पोचलास. दुसऱ्या दिवशी यवतमाळला आणखी एक मिनिट. रेडिओवर तुझं नाव आलं. तिसऱ्या दिवशी अमरावतीच्या वाटेवर, सहा वर्षं पाठ करून बसलेली माणसं झाडांवर चढून बसली होती. दादाजी जीपमधून घड्याळ पाहून सांगायचे, अजून अर्धा मिनिट जाऊ द्या, उद्या नरखेडले गर्दी पाह्यजे. आणि गर्दी झालीच. वरूडपासून नरखेडपर्यंत बागायतदारांनी संत्र्याच्या पाट्या रस्त्यावर आणून ठेवल्या होत्या, बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या. आमच्या पिवळ्या सदऱ्यांवर संत्र्याच्या साली पडत होत्या. अमरावतीच्या धर्मशाळेत संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन बसलास आणि विचारलंस, “शालिकभाऊ, खरं सांग, जमन का मले?” मी तुझ्या पोटऱ्या तेलानं चोळून देत होतो. म्हटलं, जमूनच राहिलं ना. मग खोलीत जाऊन हा संवाद मी इतरांना नक्कल करून दाखवला. केशव हसून हसून पलंगावरून घसरला.

आता ऐक. जे मला तुला सांगायचं आहे ते पाचव्या दिवसाचं आहे.

नरखेडहून निघताना तू एकूण वेळेत चार मिनिटं दहा सेकंद पुढे होतास. ठरलं होतं तीन मिनिटांचं. तिसऱ्या दिवशीचं वरचं एक मिनिट दहा सेकंद आम्ही तुला दिलं नव्हतं, ते तू घेतलंस. त्या दिवशी दादाजींनी हात केल्यावर आम्ही खरोखर मागे लागलो होतो आणि तू हाती आला नव्हतास. हे आम्ही आपसातसुद्धा बोललो नाही. चार मिनिटं काय, काटोलच्या पुढे निघतील, असं केशव म्हणाला. ठरलं असं, की तुला आमच्यातच ठेवायचा आणि काटोलनंतर एकेकानं पळायचं. एक पळाला की तुला त्याच्यामागे जावंच लागणार, नाहीतर तो पुढे निघून वेळ भरून काढणार. तू त्याला गाठलंस की लगेच दुसरा पळणार, पहिला आराम करणार. आम्ही आठ, तू एक. असा माणूस पाच-सहा वेळांत संपतो. त्याच्या दोन वर्षं आधी अकोल्याच्या एका पोराला आम्ही चार वेळांत संपवलं होतं. तो रस्त्याच्या कडेला बसून ओकला होता.

तू पाचव्यांदा आलास. सातव्यांदा आलास. दहाव्या वेळी तुझ्या ओठांच्या कडांना पांढरं सुकलं होतं आणि पाण्याची बाटली तुझ्या हातून सुटून पडली. आमच्याजवळ पाणी होतं, कुणी दिलं नाही. रस्त्यावरचे लोक ओरडून राहिले होते. एक म्हातारा धोतर सावरत तुझ्या बाजूनं पळत होता. बाराव्या वेळी मी पळालो. मागे वळून पाहिलं तर तू येतच होतास, मान खाली, तोंड उघडं. केशवची पाळी तीनदा येऊन गेली, तिन्ही वेळा तू त्याच्या चाकाला येऊन लागलास. फेटरीजवळ आलो तेव्हा सतरा वेळा झाले होते आणि आमचे दोघं मागे सुटून गेले होते. उरलेल्या सहांत कुणाच्या पायात काही राहिलं नव्हतं. पुढे काय होणार हे त्या तासाभरात कुणालाच माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. सात वर्षांत असा तास तेवढा एकच.

तेव्हा दादाजींची जीप माझ्या बाजूला आली. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “शालिक, तो तुह्यं आइकते.”

मी तुझ्यापुढे आलो आणि म्हटलं, नत्थू, माझ्या चाकामागे ये, मी तुला नेतो. तू म्हणालास, तू मिलचा हायस गा, तुले बोलतील. मी म्हटलं, बोलू दे. केशव आणि बाकीचे चौघं तेव्हा पळाले. तू त्यांच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि माझ्या चाकामागे आलास. माणूस इतका थकला की त्याला समोरच्या चाकाशिवाय काही दिसत नाही. मी खांदे हलवले, मोठमोठ्यानं धापा टाकल्या, जसं काही जीव तोडून ओढून राहिलो आहे. आणि दर थोड्या वेळानं वेग थोडा कमी केला. तुला कळलं नाही. वारा समोरून होता, तुला वाटलं वाऱ्यानं जड जातंय. एकदा तू म्हणालास, भाऊ, अजून जोरात जमते मले. मी म्हटलं, चूप, दम राखून ठेव, शेवटी लागेल. पंधरा किलोमीटर तू माझ्या पाठीकडे पाहत आलास. त्या पंधरा किलोमीटरांत मी तुझी सात मिनिटं घालवली.

कस्तुरचंद पार्कात केशवच्या गळ्यात हार पडून गेले होते. तरी लोक थांबले होते, तुझ्यासाठी. त्यांनी तुला उचललं. तू त्यांच्या खांद्यांवरून उतरलास, मला शोधलंस, गळ्यात पडलास आणि रडत म्हणालास, “तू थांबला गा माह्यासाठी.” मी तुझ्या पाठीवर हात फिरवला. तुझ्या खांद्यावरून मला दादाजी दिसत होते. ते हसत होते, आणि खरं लिहायला बसलोच आहे तर लिहितो, मलाही हसू येत होतं. त्या संध्याकाळी मला मुकादमाची जागा मिळाली. आज खातो ती भाकर त्याच जागेची आहे. पुढच्या वर्षी मौद्याचा एक पोरगा असाच निवडला. तिसऱ्या वर्षी लोकांना वास आला, आणि रस्ते पुन्हा रिकामे झाले. शहात्तरला फेरी बंद पडली. तू त्यानंतर एकाही शर्यतीत उतरला नाहीस, म्हणालास, आपला दम शेवटी कमी पडते. तुझा दम कमी पडला नव्हता, नत्थू. हे मी अकरा वर्षं तुला सांगितलं नाही, आणि तूप खाल्लं.

आता सांगतो, आजच का लिहितो आहे. येत्या रविवारी रामदासपेठेत फेरीच्या जुन्या कमिटीनं तुझा सत्कार ठेवला आहे. शाल शालिकभाऊच्याच हातून घेईन आणि त्याचं ऋण माईकवरून सांगीन, असं तू कमिटीला कळवलंस. ते पत्र कमिटीनं दादाजींना दाखवलं. काल ते माझ्या घरी आले होते, काठी टेकत. केशव आणि बाकीचे सगळे येणार आहेत, पहिली रांग त्यांनी सांगून ठेवली आहे. म्हणाले, “त्याले काई सांगू नको. त्याच्याच तोंडून आइकू दे.” जाताना जिन्यावर थांबून पुन्हा हसले. शाल घेऊन मी तिथं उभा राहणार आहे. खरं काय ते माईकवर बोलायची हिंमत माझ्यात नाही, ती मला कधीच नव्हती, म्हणून हे पत्र. तू आलास आणि माझे आभार मानलेस तर ते हसतील. आला नाहीस तरी हसतील. पण आलासच, तर शाल घेण्याआधी केशवला एवढंच विचार, की काटोल ते फेटरी तुम्ही किती वेळा पळालात आणि मी किती वेळा आलो. आकडा त्याला पाठ आहे. दारू पिल्यावर तो अजूनही तोच सांगतो, आणि तेव्हा पहिल्या रांगेतलं कुणी हसत नाही.

तुझाच,
शालिकराम