घड्याळाखाली क्रिश्तोफ

११ जुलै
डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाबा पानगळ बघतील, बर्फाचं सांगता येत नाही. मी घाबरलो नाही. योजना तयार असली की माणूस घाबरत नाही.
बाबांना जुन्या चौकातलं घड्याळ बघायचंय. म्हणाले, चाळीस वर्षं छापखान्यात जाताना त्याच्याखालून पळालो, एकदा थांबून बघतो. आजच ने.
असं उठून जायचं नसतं. घड्याळाच्या खालच्या तबकडीवर वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं नाव आहे. काट्याखाली बाबांचं नाव, ‘क्रिश्तोफ’, येईल, त्या दिवशी त्यांना न्यायचं. घरातल्या कॅलेंडरवर त्या नावाचा दिवस, म्हणजे नामदिन, १८ सप्टेंबर. ठरलं.

१२ जुलै
व्हीलचेअर आणली. बाबा म्हणाले, ओता, सहाशे वर्षांच्या घड्याळाला वेळ आहे रे, मला कुठाय?
विनोदी स्वभाव.

२५ जुलै
रंगीत तालीम. बाबांच्या जागी बटाट्यांचं पोतं, पट्ट्याने बांधून. घड्याळासमोर अर्धा तास उभे होतो. माझी नजर सबंध वेळ चाकांवर. पोतं जराही कललं नाही.
व्लस्ता आत्या म्हणाली, बटाटे हिंडवून आणतोस आणि बाप खिडकीत बसवतोस, शाबास रे! तिला तयारीतलं काही कळत नाही.

६ ऑगस्ट
बाबांनी सूप परत पाठवलं. म्हणाले, उद्या जाऊ, नाव-बिव खड्ड्यात घाल. समजावलं. म्हणाले, शाळा अर्धी टाकलीस तेव्हा हा हट्ट कुठे होता?
मी चाकांना तेल घातलं. आत्या बटाटे मागत होती, दिले नाहीत. आणखी एक तालीम लागेल.

२ सप्टेंबर
बाबा आता उठत नाहीत. फार हलके झालेत. ढकलायला सोपं जाईल.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ
गेलो. एकही धक्का बसला नाही.
पुढे जपानी पाठी, जर्मन पाठी, एकही चेक पाठ नाही. खुर्चीतून बाबांना तेवढंच दिसलं. पोत्याने तक्रार केली नव्हती, म्हणून हे सुचलं नाही. घड्याळावरच्या सांगाड्याच्या पुतळ्याने घंटा वाजवली, वरच्या खिडक्यांतून प्रेषितांचे पुतळे येऊन गेले. बाबांनी सगळं ऐकलं.
गर्दी पांगली. काट्याखाली भलतंच नाव. आइस्क्रीमवाल्या बाई म्हणाल्या, अहो, घरातलं कॅलेंडर इथे कसं चालेल? तबकडी जुनी आहे, तिच्यावरचे नामदिन वेगळे. क्रिश्तोफ पंचवीस जुलैलाच येऊन गेला.
बाबा खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, म्हणजे बटाट्यांनी बघितलं.
घराजवळ आल्यावर म्हणाले, ढकलतोस मात्र छान.

३ ऑक्टोबर
पहाटे बाबा गेले.
पुढच्या वर्षी २५ जुलैला नक्की जायचं. वर बघायचं.
येणाऱ्यांच्या सूपसाठी आत्याने बटाटे मागितले. पोतं सोडलं. सगळ्यांना कोंब आले होते.