करटोलीच्या अळ्या आणि आमची अम्मी

शिवरे, ता. भोर

आदरणीय हनीफमामूंना भाचा हाशिमचा अदबीनं सलाम.

मामू, तुमचा गुडघा कसा आहे? मुमानींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. (फोनच केला असता, पण आमच्या घरात रेंज फक्त अम्मीच्या खाटेपाशी येते, आणि ही गोष्ट अम्मीच्या कानावर जाता कामा नये.)

गेल्या साली व्यापाऱ्यानं आमची करटोली तपासून टेम्पोसकट परत पाठवली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यावर मारलेलं औषध चांगलं होतं हो, पण त्याच्या डब्यावर ज्या पिकांची नावं छापलेली त्यांत करटोली नव्हती. ज्या पिकाला मंजुरी नाही त्याच्यावर ते फवारायचं नाही. कापसाला, भाताला रग्गड औषधं. एवढ्याशा करटोलीसाठी चाचण्या करायला कंपन्या कशाला झिजतील? म्हणून गावातल्या सगळ्या करटोलीवाल्यांनी मिळून अर्ज केला आणि विद्यापीठ चाचणीला तयार झालं. निकाल चांगला आला तर मंजुरीसाठी कागद दिल्लीला जाणार. चाचणीला जमीन कुणाची, तर माझी. (मीच हात वर केला होता. हौस, दुसरं काय.)

विद्यापीठाच्या अश्विनीमॅडमनी ओळी आखून दिल्या. निम्म्या वेलींना औषध मारायचं, निम्म्या तशाच सोडायच्या. दोन्हींत फरक दिसला तरच औषधाचा गुण कळणार. मोकळ्या ओळींना हात लावू नका, अळी खाईल तेवढी खाऊ द्या, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. मॅडम फार हळू बोलतात, म्हणून मला त्यांची जास्तच भीती वाटते. मी नुसती मान डोलावली. अम्मी तेव्हा तुमच्याकडे वेल्ह्यात होती.

काल बघतो तर औषध मारलेल्या ओळी बऱ्यापैकी, आणि न मारलेल्या हिरव्यागार. पानाला एक भोक नाही. आज पहाटे उठून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. अम्मी रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर त्या ओळींत बसून एकेक अळी वेचते आणि कोंबड्यांना घालते! का, म्हणून भीत भीत विचारलं, तर म्हणाली, "म्या पाणी घातलेली वेल माज्या डोळ्यांदेखत किडीनं खायाची, आन् म्या बगत बसू व्हय?" मग काय, अळ्यांचं डबडं मीच कोंबड्यांकडं नेलं. आणि खरं सांगू, तिचं चुकलं असंही म्हणवत नाही.

आता मॅडमना सांगावं तर चाचणी रद्द. न सांगावं तर करटोलीला औषधाची गरजच नाही, असा निकाल दिल्लीला जाईल, आणि पुढच्या साली सगळ्या गावाची करटोली परत आली की गाव माझ्या दारात येईल. मला अन्न गोड लागत नाही. कोंबड्या तेवढ्या गुबगुबीत झाल्यात.

बाकी काळजीचं काही नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हाशिम

ता. क. : बहिणीला माहेरपणाला बोलवायचं तुमच्या मनात असेलच. उद्याच बोलवा. मॅडम अळ्या मोजायला यायला अजून पंधरवडा आहे, तेवढ्यात अळ्या पुन्हा धरतील. ती ऐकते तर फक्त तुमचंच.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करतोय तोच अम्मी आली. आपणहून तुमच्याकडं निघालीये. माझा जीव भांड्यात पडला होता, पण तिच्या माघारी अळ्या वेचायला तिनं शेजारच्या फुलाबाईंना नेमलंय. त्या अम्मीपेक्षा कडक. आत्ता दोघी ओळीत बसून पानं उलटून बघतायत. मामू, खाट एक नको, दोन टाका. मीही येतोय.