ज्योतीवरची निळी टोपी

बेळगाव, ७ डिसें. ३६
शाळा सुटल्यावर येसू आली. माझी जुनी विद्यार्थिनी, शहापूरची. सोबत थोरला भाऊ मारुती. घरचा माग सोडून चांद्याकडे कोळशाच्या खाणीत आहे. सरदारकीच्या, म्हणजे खाणीतल्या मुकादमीच्या, परीक्षेत गॅस ओळखता आला नाही. जानेवारीत पुन्हा बसायचे. जाळीच्या दिव्याच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की हवेत गॅस आहे. याला ती दिसत नाही. त्यांच्या सरदाराने न बघताच 'ठीक' म्हटले, दोघे भाजून मेले. "आता माझ्या डोळ्यानं बघणार, बाई."
शाळेच्या कपाटात तसा एक दिवा आहे. उद्यापासून.

९ डिसें.
किल्ल्याच्या खंदकावर. मारुती बांबूने गाळ ढवळतो, मी पाण्यात उपड्या बाटलीत बुडबुडे धरते. खाणीतलाच वायू. कॉलेजात एकदाच केले होते. हात विसरला नाही. काठावरून एकजण, "बाई, मासं गावलं का?" "गावलं की तुला हाक मारते." दोन बाटल्या भरल्या. पदर चिखलात. झकास.

१० डिसें.
खिडक्यांना घोंगड्या. उपड्या काचपेटीत वायू सोडला, खालून दिवा आत. "न्हाय दिसत." बघते तर हा वात वर चढवतोय. मागावर धागा दिसेना की शहापुरात वात वाढवतात. जन्माची सवय. म्हटले, उतरव. मोठ्या ज्योतीच्या उजेडात टोपी बुडते. "लई बारीक केल्यावर दिसंल कसं?" पुन्हा वर. हातावर पट्टी मारली. दोन लेकरांचा बाप. येसू हसली, तिला बाहेर काढले.

१२ डिसें.
वात उतरवली. ज्योतीशी डोळे नेऊन बसला. मग हळूच, "आली बाई. निळी हाय." नुसत्या हवेची पेटी दिली. "न्हाय." पुन्हा वायू. "हाय." उलटसुलट देऊन पाहिले, एकदाही चुकला नाही. इतकी वर्षे शिकवते, पण आज... असो.

२ फेब्रु. ३७
तार. पास. येसू वर्गाच्या दारात नाचली, रागावले नाही. गणित बंद ठेवून पोरींना दिवा दाखवला. वात प्रत्येकीने स्वतः उतरवली.

४ फेब्रु.
शहापूरला पेढे घेऊन गेले. मारुतीची आई मागावर. "बाई, सरदार म्हंजे करायचं काय त्यानं?" सांगितले, कामगारांची पाळी लागायच्या आधी दिवा घेऊन आत जायचे, गॅस नाही ना ते बघायचे.
"सगळ्यांच्या आधी?"
"हो."
मागाचा धोटा हातात धरून, "चांगलं शिकिवलंय न्हवं?"
म्हटले, चांगले.
धोटा तिच्या हातातच होता. मी निघेपर्यंत माग सुरू झाला नव्हता.