चेअरमनची तीस पावलं

१ जानेवारी १९८८, शुक्रवार
नव्या वर्षाचे संकल्प. एक, रोजनिशी रोज लिहिणे. दोन, मानेचा व्यायाम. १७ मेला मी, नॉर्मन ब्लेंकिन, थॉर्नेस बरोचा, म्हणजे आमच्या नगरपालिकेचा, महापौर होणार. कौन्सिलमधल्या ज्येष्ठतेने यंदा माझाच नंबर आहे. महापौराची गळ्यातली मानाची साखळी जड असते. मावळता महापौर हार्ग्रीव्ह, त्याची मान प्रत्येक फोटोत डावीकडे कललेली. तसं व्हायला नको. तीन, बायकोशी, मेव्हिसशी, वाद न घालणे.

तिसरा संकल्प साडेनऊला मोडला. मेव्हिसचं म्हणणं, वोल्डनला तिच्या बहिणीकडे, ग्वेनकडे, वरच्या खोल्या रिकाम्या आहेत, घरामागचा समुद्रकडा आणखी ढासळायच्या आत तिकडे जाऊ. वोल्डन म्हणजे ओढ्यापलीकडे. म्हणजे दुसरा जिल्हा. होणारा महापौर आपला बरो सोडून परक्या जिल्ह्यात राहायला गेला तर लोक तोंडात शेण घालतील, असं मी बजावलं. तर ही म्हणते, घालू देत, जिवंत माणसाच्याच तोंडात घालतात.

३ जानेवारी, रविवार
मागच्या अंगणात जाऊन दगड बघून आलो. बरोच्या सीमेचा नऊ नंबरचा दगड, गुडघ्याएवढा, आणि तो आमच्या अंगणात आहे. आत बरो, बाहेर कडा, खाली समुद्र.

दगडापासून कड्यापर्यंत किनारा समितीच्या चेअरमनने स्वतः चालायचं, असा इथला जुना रिवाज. तीस पावलं भरली तर आमची सी-लेन राहण्याजोगी. नाही भरली तर गल्ली रिकामी करायची. टेपबिप चालत नाही, चेअरमनची पावलंच लागतात. चेअरमन मी. मोजणी ८ मेला, सीमाफेरीच्या दिवशी, म्हणजे सीमेचे सगळे दगड छड्यांनी बडवत फिरतात त्या दिवशी, सगळ्या कौन्सिलसमोर.

आज सहज चालून पाहिलं. सव्वीस. बूट नवे आहेत.

४ जानेवारी
जुने बूट घालून तीस. म्हटलं होतं ना.

१९ जानेवारी, मंगळवार
सर्व्हेअरच्या ऑफिसातून मिस गार्बट नावाची नवी मुलगी आली. टेप आणि लाल खुंट्या घेऊन. म्हणे नोव्हेंबरपासून चार मीटर गेलं, माती आतून भिजली आहे. मी म्हटलं, बाई, माझा जन्म इथला. ती म्हणाली, सर, तुमचा जन्म झाला तेव्हा पलीकडे एक चॅपल होतं ना? होतं. पण ते प्रार्थनाघर मेथडिस्ट पंथाच्या लोकांचं. त्यांना पाया कधी नीट घालताच आला नाही.

मेजर आता मागच्या अंगणात जात नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी बसतो आणि कड्याकडे बघत राहतो. कुत्रं म्हातारं झालं.

२ फेब्रुवारी
व्यायाम सुरू. मेजरची साखळी गळ्यात घालून दहा मिनिटं आरशासमोर. मेव्हिस आत आली, बघितलं, दार लावून घेऊन गेली. मेजरला फिरायला दोरीने नेलं.

१० फेब्रुवारी, बुधवार
पावलं मोजली. बावीस, आणि तीही जुन्या बुटात.

विचार केला. दगडाला समुद्राची ओल लागते. इतकी जुनी वस्तू, जपायला नको? मेव्हिस चर्चमध्ये फुलं लावायला गेल्यावर पहार आणि ढकलगाडी काढली आणि दगड आठ पावलं आत, दोरीपाशी, आणून बसवला. भोवती माती दाबली, वर शेवाळ ठेवलं. पुन्हा मोजलं. तीस.

कंबर धरली. मेव्हिसला मानेच्या व्यायामामुळे असं सांगितलं.

२१ फेब्रुवारी
शेजारच्या मिसेस थर्केल आल्या होत्या. वय एक्क्याऐंशी, घरात एकट्याच. त्यांची झोपायची खोली मागच्या बाजूला, आमच्या घरापेक्षा कड्याला जवळ. म्हणाल्या, मिस्टर ब्लेंकिन, हल्ली माझ्या कपातला चहा एका बाजूला चढतो. मी टेबलाचा पाय तपासायला सांगितलं. म्हणाल्या, पाय ठीक आहे, भाची म्हणते निघून ये, पण तुम्ही चेअरमन, तुमच्या वडिलांनाही मी ओळखायची, तुम्ही तीस म्हणालात तर मी राहीन. नाही म्हणालात तर आजच बॅग भरते.

तीस, मी म्हटलं. निर्धास्त झोपा. बाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. मेव्हिस ओट्याशी उभी होती. रात्रीच्या जेवणाला तिने फक्त उकडलेले बटाटे दिले.

८ मार्च
स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग. रंग जुना झाला. भेगेवर बरोचा मोठा नकाशा टांगला. काय देखणा दिसतो आमचा बरो. उत्तरेला टेकड्या, पश्चिमेला ओढा, मध्ये बाजारपेठ आणि टाउन हॉल, पूर्वेला आम्ही. नकाशात सी-लेनच्या पलीकडे अजून दोन गल्ल्या आणि एक गुरांचा माळ आहे. नकाशा १९११चा आहे, पण नकाशे त्या काळात चांगले बनवत.

१४ मार्च
भेग नकाशाच्या खालून बाहेर आली. याहून मोठा नकाशा मिळतो का, चौकशी करणे.

२४ मार्च, गुरुवार
अंगणातली दोरी गेली. एका खांबासकट. सकाळी उठलो तर मेव्हिसच्या दोन उशांच्या खोळी खाली लाटांवर. दगड वाचला, कड्यापासून दीड हातावर होता. आजच हलवून स्वयंपाकघराच्या दारापाशी आणला. मोजलं. एकवीस. पुन्हा मोजलं, तब्येतीला जपून, हळूहळू, एका पावलाला दुसरं पाऊल लावत. तीस.

कड्याजवळ गेलं की पाय आपोआप लहान पडतात, हे आज लक्षात आलं. वाऱ्यामुळे.

१३ एप्रिल
दगड स्वयंपाकघराच्या दारापाशीही ठीक नाही. जाता-येता अंगठा ठेचतो. आज तो घराला वळसा घालून पुढे नेला, रस्त्याच्या कडेच्या कुंपणात बसवला. तिथे शोभतोही. पुढच्या कुंपणापासून चालायला लागलो. पुढचं दार, पॅसेज, स्वयंपाकघर, मागचं दार, अंगण. तीस भरली, आणि मध्ये केटल बंद करायलाही वेळ मिळाला.

एवढी सोय असताना वोल्डनला कशाला जायचं.

१९ एप्रिल
मेव्हिसने लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून सुटकेसमध्ये ठेवला. विचारलं तर म्हणाली, धूळ बसते.

४ मे, बुधवार
मिसेस थर्केल पुन्हा. म्हणाल्या, पलंग आपोआप भिंतीकडे सरकतो, सकाळी उठले तर नाक भिंतीला. रविवारी माझीच मोजणी आहे, तोवर बिनघोर झोपा, असं सांगितलं. म्हणाल्या, हो, मी दहापर्यंत झोपतेच, तुम्ही आहात म्हणून झोप लागते.

त्या गेल्यावर मेव्हिस म्हणाली, नॉर्मन, तू एकदा तुझ्या पायांना खरं विचार. मी म्हटलं, माझे पाय बरोचे आहेत. ती म्हणाली, म्हणूनच म्हणते.

५ मे
घात. मेव्हिस मिसेस थर्केलना गाडीत घालून वोल्डनला ग्वेनकडे घेऊन गेली. मला न विचारता, आणि मेजरलाही सोबत नेलं. बाईंना म्हणे सांगितलं की ग्वेनला केक करायला मदत हवी आहे. मोजणीला तीन दिवस असताना चेअरमनच्या शेजारणीने गल्ली सोडली, हे कौन्सिलमध्ये कळलं तर? घरात मी एकटा. मागच्या खोलीत कसलेतरी आवाज येतात. पुढच्या खोलीत कोचावर झोपतो आहे, पाठीला बरं पडतं म्हणून.

८ मे, रविवार, संध्याकाळ
सीमाफेरी झाली. कौन्सिलचे सतरा जण, चर्चचा व्हिकर, हातात विलोच्या छड्या, आठ दगडांना बडवून आमच्या गल्लीत आले. नवव्याला जोरात बडवलं. नव्या सभासदाला उचलून रिवाजाप्रमाणे दगडावर आपटलं. हार्ग्रीव्ह म्हणाला, ब्लेंकिन, हा दगड मागच्या अंगणात होता ना रे? मी म्हटलं, माणसाला वयानुसार भास होतात.

मग मोजणी. सगळे माझ्या मागे. पुढच्या दारात सात. पॅसेजमध्ये चौदा. स्वयंपाकघरात, नकाशापाशी, अठरा. मागचं दार उघडलं. एकोणीस.

पुढे अंगण नव्हतं.

दाराची पायरी होती आणि खाली समुद्र. मी थांबलो. मागे सतरा माणसं आणि व्हिकर. मी जागच्या जागी अकरा पावलं टाकली. तीस, असं मोठ्याने म्हटलं.

मिस गार्बटने वहीत काहीतरी लिहिलं. मग बरोचा क्लार्क पेनिफादर घसा साफ करत म्हणाला, चेअरमनसाहेब, एक शंका. सनदेप्रमाणे दगडाच्या आत राहतो तो बरोचा रहिवासी. तुमचं घर तर दगडाच्या बाहेर आहे. दगड इथे कधीपासून आहे?

हलवला म्हणावं, तर सीमेचा दगड हलवणं हा गुन्हा. मी म्हटलं, पहिल्यापासून.

पेनिफादरने चष्मा काढून पुसला. मग तुम्ही पहिल्यापासूनच बरोचे रहिवासी नाही, असं तो फार हळू आवाजात म्हणाला. मी मांडून ठेवलेली सँडविच कोणी खाल्ली नाहीत.

११ मे, बुधवार
सकाळी नऊ वीसला मिसेस थर्केलची मागची खोली गेली. आवाज फार मोठा नव्हता. मी कोचावर चहा घेत होतो. बाहेर येऊन पाहिलं, तर खाली त्यांचा पलंग पालथा पडलेला, चादर अजून नीट खोचलेली.

नऊ वीस. त्या दहापर्यंत झोपतात.

मी झोपा म्हणालो होतो. दोनदा. मेव्हिसने ग्वेनच्या केकची थाप मारली नसती तर. हे लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. वाचायला आहे तरी कोण.

दुपारी सुटकेस भरली. साखळी तेवढी घेतली, मेजरची.

१७ मे, मंगळवार, वोल्डन
टाउन हॉलमध्ये महापौराची निवड झाली. मला बोलावणं नव्हतं, परक्या जिल्ह्यातल्या माणसाला कोण बोलावतं. हार्ग्रीव्ह दुसऱ्यांदा महापौर. ग्वेनने संध्याकाळचा पेपर दाखवला. या वेळी त्याची मान सरळ होती.

मेव्हिसने विचारलं, व्यायाम बंद केलास का? मी हो म्हटलं. तिने माझ्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

२९ मे, रविवार
मेव्हिस गाडीने सी-लेनला घेऊन गेली. गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली आहे. आमच्या घराची पुढची भिंत उभी आहे, दारही आहे, आणि मागे काही नाही. दारातल्या टपालाच्या फटीतून वाकून बघितलं. समुद्र दिसला.

दगड कुंपणात आहे तिथेच. मिस गार्बट टेप घेऊन आली होती. मेव्हिस म्हणाली, टेप राहू दे, आधी तू चाल. दारातून जायचं नव्हतं, भिंतीच्या बाजूने चाललो. नेहमीसारखी पावलं टाकली, रस्त्याने चालताना टाकतो तशी. कितीतरी महिन्यांनी. भीती वाटत होती, आणि वाटते आहे हे कळतही होतं. नवव्या पावलाला मेव्हिसने कोट धरून मागे ओढलं.

परत आलो. मिसेस थर्केल आणि ग्वेन चहाला बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, मग मिस्टर ब्लेंकिन, आज किती भरली?

तोंडात तीस आलंच होतं.

नऊ, मी म्हटलं. बाई, फेब्रुवारीतही तीस नव्हती.

त्यांनी माझा कप भरला आणि पुढ्यात ठेवला. एका बाजूला चढतो का, ते मी वाकून बघितलं. चहा सगळीकडून सारखा होता.