गेरूची खूण

भिगवण,
१८ नोव्हेंबर १९९६

चि. हिंदुराव,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. इकडं आम्ही मजेत. छकुली दिवाळी करून सासरी गेली. हॉटेल जोरात आहे. माशाच्या रश्श्यासाठी सोलापूरच्या गाड्या थांबतात. "मेंढरामागं हिंडलेल्या माणसाचं हॉटेल हाय," असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगतात. मी गल्ल्यावरून ऐकतो.

ऐकतो म्हणूनच लिहायला बसलो. काल तू आलास, बाकावर एका अंगावर बसलास. मग हात धुताना कारखान्यातल्या दोस्ताला म्हणालास, "रगत पडतंय रं, पण मूळव्याध हाय. पूड घेतोय."

दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या वहिनीला, शकूला अगदी हेच म्हणालो होतो.

तुम्हा सगळ्यांना मूळव्याधीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं, ते खोटं. मला गुदाशयाचा कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी बोटानं तपासलं, दोन मिनिटांत गाठ सापडली. पूड मी आठ महिने खाल्ली होती.

बाई म्हणाल्या, "आधी किरणं द्यावीत की थेट ऑपरेशन करावं, यातलं सरस काय ते आम्हाला शोधायचंय. बंद पाकिटातल्या चिठ्ठीत जे निघेल, ते करायचं. तुम्ही निवडायचं नाही, मीही नाही. यात यायला नको म्हणालात तरी उपचार होतीलच."

शकू भडकली. "माणूस हाय का मेंढरू?"

मी म्हणालो, "बाई, आमचे आबा हेच करायचे!" आठवतं ना? नवं औषध आलं की मेंढरं कोंडलेल्या जाळीच्या वाघरीच्या तोंडाशी उभे राहायचे. बाहेर पडेल तसं एक मेंढरू डावीकडं, एक उजवीकडं. डावीकडच्यांना औषध आणि पाठीवर गेरूची खूण. आपण निवडायला गेलो तर हात धडधाकटाकडंच जातो, म्हणायचे.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता मी तपासणीला गेलो की नव्या पेशंटांना माझ्याकडं पाठवतात. चौथी शिकलेला मी, आणि बाकावर बसून समजावतोय!

माझ्या पाकिटात आधी किरणं निघाली, मग ऑपरेशन. सरस काय, ते अजून बाईंनाही ठाऊक नाही. आम्हा सगळ्यांना पाच वर्षं तपासत राहिल्यावर कळेल. म्हणून मी एकही तारीख चुकवलेली नाही.

राहिलेलं सांगून टाकतो. खालची वाट कायमची बंद केली. पोटावर पिशवी असते. छकुलीच्या लग्नात तुझ्या पानावर बुंदी वाढली, तेव्हाही ती सदऱ्याखाली होती. तू म्हणालास, "दादा, आणखी वाढा की."

तुला नुसती मूळव्याधच निघो. पण ते बाईंनी सांगावं, पूडवाल्यानं नव्हे. माझी तपासणी येत्या सोमवारी आहे. शनिवारी मुक्कामाला ये, रविवारी गाडीत बसू. निघताना घरी भागूबाईला खरं सांग. मी शकूला आठ महिने फसवलं, तसं करू नकोस.

नाही आलास तर कारखान्याच्या गेटावर येऊन सदरा वर करून उभा राहीन. मला आता लाज उरलेली नाही.

तुझी वाट पाहणारा दादा,
संभाजी
बाईंच्या कपाटातली फाईल नंबर सत्तेचाळीस