बाबांनी फिरवलेली कडी

कालगुर्ली, २० मे २०२१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बाबांना जाऊन महिना होईल. कोविडमुळे ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागते, ती मिळाली नाही. किती वेळा सांगू? खाणीत शिफ्टला जातो, घरी येतो, चिन्मयी वाढते ते जेवतो.

एक मागणं आहे. बाबांचं घड्याळ मला पाठव. पंचाहत्तरीला मीच दिलं होतं. नौदलात पाणबुडे असताना त्यांच्या हातात त्याच फ्रेंच कंपनीचं सरकारी घड्याळ होतं, निवृत्तीला सही करून परत द्यावं लागलं, आठवतं ना? नवं बघून म्हणाले होते, आम्हा पाणबुड्यांच्या जिवावर नाव काढलं आणि आता शेठ लोकांना विकतात! पण नंतर अंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. बाकी काही नको मला.

भावोजींना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझा निनाद

पुणे, २ जून २०२१

चि. निनादास,
अ. उ. आ.

परवानगी मिळाली नाही? अरे, अर्ज तरी केलास का? परवा चिन्मयीच बोलून गेली, केलाच नव्हतास. वर तोंड करून घड्याळ मागतोस!

घे, पाठवते. पण बाबांनी आपल्याला शिकवलेलं आठव. पाण्यात उतरताना घड्याळाची बाहेरची कडी फिरवायची, तिच्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचा, म्हणजे किती वेळ गेला ते कळतं. वॉर्डात आम्हाला कुणालाच सोडत नव्हते. शेवटच्या दिवशी दुपारी चार दहाला त्यांना तुझा फोन आला. अर्ध्या तासात व्हिडिओ कॉल करतो म्हणालास. बाबांनी कडी फिरवून त्रिकोण मिनिटकाट्यावर, दहा मिनिटांवर आणला. मीनाक्षी सिस्टर सांगत होत्या, मास्कमधून सारखे मनगटाकडे बघत होते. सव्वापाचला त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं. तुझा फोन आलाच नाही.

कडी तशीच आहे. आम्ही कुणी हात लावलेला नाही. तूही लावू नकोस.

तब्येतीला जप. सवय आहे म्हणून लिहिते.

शैला

कालगुर्ली, १४ ऑगस्ट २०२१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. त्या दिवशी शिफ्ट कधीच संपली होती. मी कारपार्कमध्ये गाडीत बसून होतो, फोन हातात. मास्क लावलेले बाबा बघायचा धीर झाला नाही गं. अर्जाचंही तेच. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही.

घड्याळ बंद पडलं होतं. मनगटावर चढवलं आणि हाताच्या हालचालीनं आपोआप चालू झालं. कडीला हात लावलेला नाही. दर तासाला मिनिटकाटा त्या त्रिकोणावर येतो. मी काहीही करत असलो तरी तिथून अर्धा तास मोजतो.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. कधी फोन केलास, तर मी उचलेन.

निनाद